जुनं ते बॅकअप

संपादकांनी बजावलंय, ‘कॉन्व्हेंटची असलीस तरी चालेल, पण शुद्ध मराठीत लिही.’ म्हणून आधीच सांगते, मेटल डिटेक्टरला धातुशोधक म्हणतात हे मला माहीत आहे. पण तपकीर गल्लीत जाऊन ‘काका, धातुशोधक आहे का?’ असं विचारायची हिंमत कोणात असेल तर त्याने पुढे यावं!

तर झालं काय, मैत्रिणीच्या पेठेतल्या मंडळात गणपतीला आम्ही हॉस्टेलच्या चौघी स्वयंसेवक होतो. मंडळाकडे हातात धरायचे दोन डिटेक्टर, एक पुरुषांच्या रांगेला, एक बायकांच्या. चौथ्या दिवशी पुरुषांकडचा बंद पडला आणि आमचा तिकडे गेला. ‘अगं, बायकांकडे काय असणार?’ इति काका (मंडळाचे, माझे नव्हेत). झालं, पर्सा तशाच आत जायला लागल्या. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा मी बालवाडीत होते. पण १७ माणसं गेली ती तिथे ठेवलेल्या एका बॅगेमुळे, हे पुण्यात वाढलेल्या कुणाला सांगावं लागत नाही. बॅग बाईची की बुवाची, हे ती थोडीच सांगते?

खूप डोकं खाल्ल्यावर काकांनी पाचशे रुपये काढले. तेवढ्यात नवा कुठला येणार! दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून गाठला जुना बाजार. (हा बुधवारी आणि रविवारी भरतो आणि आहे मंगळवार पेठेत. पुणं आहे हे!)

एका पथारीवर हवा तसा सापडला. विक्रेत्याने बटण दाबलं आणि यंत्र ठणाणा बोंबललं. ‘बघा मॅडम, एकदम चालू!’ अहो, खाली पाने, नळ आणि पंख्यांचा ढीग, वाजणार नाही तर काय? मी माझी नऊ व्होल्टची नवी बॅटरी घातली, दहा पावलं लांब गेले आणि पाच रुपयांचं नाणं समोर धरलं. तेव्हा कुठे बारीक ‘टुंई’ झालं. आतल्या कॉइलमधून अल्टरनेटिंग करंट जातो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने जवळच्या धातूत एडी करंट फिरतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र कॉइलला जाणवतं. परीक्षेत हे भरभरून लिहिलं होतं, ऐकलं मात्र पहिल्यांदाच!

आठशेवरून साडेचारशेला सौदा तुटला. बॅटरीची एक वायर सैल होती, ती डाग देऊन पक्की केली (वॉर्डन मॅडम, लॅबमध्ये. शप्पथ!). सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू बाहेरूनच फिरवता येत होता, म्हणजे बेल्टच्या बकलाला किती भाव द्यायचा ते आपल्या हातात. आणि सगळ्यात भारी म्हणजे इअरफोनचं भोक! नव्या मशीनला नुसता बझर. ढोल-ताशा सुरू झाला की तो वाजतोय का रुसलाय, कळायचंच नाही. माझा थेट कानात.

अर्थात स्फोटक ओळखणं हे दोघांचंही काम नाही. ते फक्त ‘धातू आहे’ म्हणतात. पर्स उघडायची ती आपणच.

संध्याकाळी एका आजींपाशी यंत्र जोरात वाजलं. ‘गुडघ्यात आहे बाई ते, दोन्ही बदललेत,’ आजी म्हणाल्या. मी पिशवीही उघडायला सांगितली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तर त्यांनी पिशवी पूर्ण उलगडून समोर धरली. ‘बघ, नीट बघ. काल आले होते तेव्हा कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.’