संस्था शेतकरी आहे का?

आत्याने आपली चिकूची वाडी मृत्युपत्राने ज्या आरोग्यसंस्थेला दिली, ती संस्था शेतकरी आहे का, असा प्रश्न महसुली कचेरीतील अधिकाऱ्याने मला विचारला, तेव्हा तो मला केवळ वेळकाढूपणा वाटला. पुढे अधिनियमाचे पुस्तक उघडले आणि सारा व्यवहार त्या एकाच प्रश्नावर अडलेला आहे हे उमगले.

आत्या अविवाहित. तलासरीच्या पाड्यांतून परिचारिका म्हणून तिचे उभे आयुष्य गेले. घोलवडच्या बाजूची वाडी तिला वडिलांकडून मिळालेली. सिकलसेलच्या चाचणीसाठी ती मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीतल्या द्रावणात सोडी आणि नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरी. रेघा स्पष्ट दिसल्या की तिचा चेहरा फुले, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की मूल केवळ वाहक आहे की खरोखरच रुग्ण, हे पुढच्या तपासणीवाचून कळायचे नसल्याने त्याच्या आईशी काय बोलावे, या विवंचनेत ती पडे. केंद्र सरकारने 2023 साली या व्याधीच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेऊन 2047 ही मुदत ठरवली, ते उचितच झाले. परंतु हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या संपल्या, मध्यरात्री मुलाच्या हाडांत कळा उठल्या, की जीपचे भाडे कोणी द्यायचे, हा तिचा प्रश्न होता, आणि वाडीचे उत्पन्न त्यासाठीच खर्चावे असे तिने लिहून ठेवले होते.

मृत्युपत्रात वैगुण्य नव्हते. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही झाली. नोंदणी सक्तीची नसतानाही तिने दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती करून घेतली. मात्र 1948 च्या मुंबई कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम 63 नुसार शेतजमीन बिनशेतकऱ्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून जाऊ शकत नाही, आणि ही मनाई मृत्युपत्रालाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली गुजरातेतल्या प्रकरणात ठरवले. गुजरात आमच्यापासून दूर नाही. 1960 पूर्वी उंबरगाव आमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होते, आणि कायदा तर दोन्ही राज्यांना एकाच मुंबई इलाख्याकडून वारशाने आलेला. मृत्युपत्राचा मसुदा करणाऱ्या वकिलाने हे कलम एकदाही उच्चारले नव्हते.

फेरफाराची नोटीस निघताच चुलत भावांनी हरकत घेतली. मग जे उलगडले ते मला अद्याप सलते. वडिलांकडून आलेली मिळकत निपुत्रिक स्त्रीमागे तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे देणगी निष्फळ ठरली तर वाडी आम्हा भावांचीच. जी वस्तू आत्याने विचारपूर्वक मला दिली नव्हती, जिच्याबद्दल तिने माझ्यासमोर बसवून "तुझं घर आहे, तुला नोकरी आहे, हे त्या लेकरांचं," असे सांगितले होते, ती कायदा माझ्या पदरात घालीत होता, आणि सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी मी अर्ज करावा अशी अपेक्षा करीत होता. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली गेली, आणि 1926 साली परकीय अमदानीतही ती पाळली गेली. मग आमच्या एका परिचारिकेच्या इच्छेला स्वराज्यात मान का मिळू नये, असे मी चारचौघांत मोठ्याने म्हणू लागलो. हे कलमच रद्द व्हावे, इथपर्यंत माझा संताप गेला होता.

आज तसे म्हणवत नाही. त्याच कचेरीत प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा गुंडाळून आलेला एक वारली खातेदार माझ्या शेजारी बसला होता; शहरातल्या कोणा गृहस्थाने त्याच्या बापाकडून कागदावर अंगठा घेतला होता, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ न देणाऱ्या महसूल संहितेच्या कलम 36-अ वाचून त्याला दुसरा आधार नव्हता. 1945 च्या मे महिन्यात ज्या तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी वेठबिगारी न करण्याची शपथ घेतली, त्या भूमीत जमिनीभोवतीचे कुंपण सैल करा असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? दवाखान्यासाठी उघडलेल्या वाटेने उद्या बंगलेवाले आत शिरणार नाहीत, याची हमी कोण देईल? तरीही आत्याच्या बाबतीत अन्याय झाला, हे माझे मत बदललेले नाही. दोन्ही गोष्टी मनात एकत्र नांदतात आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज केला आहे. भावांची हरकत कायम आहे. आत्याची बँकेतली ठेव संस्थेला पोचली, रोख पैशाला शेतकरी असण्याची अट नसते. ज्यांना वाडी किंवा शेत अशा कामी द्यायचे असेल, त्यांनी जमीन संस्थेच्या नावे लिहू नये. ती शेतकरी खातेदारालाच विकावी आणि येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला लिहून द्यावे, संस्था बंद पडल्यास पैसा कोणाकडे जावा हेही नमूद करावे, आणि घरच्यांना जिवंतपणीच सांगून टाकावे. वाडीचा जो हिस्सा माझ्या वाट्याला येईल, त्यापुरते तरी मी माझ्या मृत्युपत्रात असेच लिहिले आहे, आणि खालच्या दोन साक्षींपैकी एक सही माझ्या मुलाची आहे.