नांव आणि ओळख

नांवावर विसंबून आम्हीं एकदां मोठी हानि करून घेतली. आमच्या लिनक्स संगणकास एकाच बनावटीचे, एकाच मापाचे दोन पेनड्राइव्ह जोडलेले होते. एकांत दिवंगत वडिलांच्या पत्रांचीं छायाचित्रें होतीं, दुसरा कोरा होता. मूळ कागद वाळवीनें पूर्वींच खाल्ले होते. काल कोऱ्याचें नांव 'एसडीबी' होतें, म्हणून आजही तेंच असेल असें गृहीत धरून आम्हीं 'डीडी'ची आज्ञा दिली. ही आज्ञा उलट प्रश्न विचारीत नाहीं. पत्रें गेलीं.

हीं नांवें म्हणजे पंगतींतले पाट. जो आधीं सांपडला त्याला पहिला. खरी ओळख उपकरणाच्या पोटांतील सीरियल नंबरची. 'यूडेव्ह' तो वाचून '/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी' येथें बनावट, नमुना व नंबर मिळून झालेलें स्थिर नांव मांडून ठेवतो. मात्र हा नंबर देणें उत्पादकांवर सर्वत्र बंधनकारक नाहीं; कांहीं स्वस्त उपकरणांत तो नसतो, कांहींत सर्वांना एकच असतो.

आतां आम्ही पेनड्राइव्हवर नंबराचे शेवटचे चार अंक शाईनें लिहितों आणि आज्ञेपूर्वीं पडद्यावरील नंबराशीं ताडून पाहतों. पाकीट पेटींत टाकण्यापूर्वीं वडील पत्ता दोनदां वाचीत; त्यांचा तो गुण आम्ही त्यांचीं पत्रें गमावून शिकलों.