सदतीस म्हणजे किती?

खरं सांगतो, २०१९ च्या जूनमध्ये ते विनोद मीसुद्धा फॉरवर्ड केले होते. आठवतंय ना? बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं होतं आणि त्यात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत दिली होती. अख्खा महाराष्ट्र हसला. विधानसभेतसुद्धा त्यावर कोट्या झाल्या. मराठीचा खून झाला, आता पोरांना सत्तावन्न म्हणता येणार नाही, वगैरे वगैरे. मी तेव्हा बाप नव्हतो, त्यामुळे मत द्यायला एकदम मोकळा होतो.

आता माझी लेक दुसरीत आहे.

या जानेवारीतली गोष्ट. आमचं गोडवलीकडं थोडंसं स्ट्रॉबेरीचं रान आहे. सीझनला सकाळी तोडणी, मग घरी ओट्यावर बसून माल निवडायचा आणि डब्या भरायच्या. पाव किलोची एक डबी, आठ डब्यांचं एक खोकं. लेकीला हौस, म्हणून मी हिशेबाची वही तिच्याकडं दिली. मी म्हणालो, “लिही, सदतीस.” तिनं लिहिलं ७३. मी घाईत बघितलंच नाही, तोच आकडा फोनवर व्यापाऱ्याला सांगून टाकला. संध्याकाळी त्याचा फोन आला, “अहो, निम्माच माल आलाय की.”

मी तिच्यावर ओरडलो. चारचौघांसमोर. “दुसरीत गेलीस आणि सदतीस लिहिता येत नाही?” ती काही बोलली नाही. वही खाली ठेवली आणि आत गेली. रात्री आईजवळ झोपताना एवढंच म्हणाली, “मला गणित येत नाही.”

माझी आई चौथी शिकलेली. ती मला म्हणाली, “तिला कशाला वरडतोस? सदतीस म्हणताना आधी सात तूच म्हणालास न्हवं? पोरीनं आधी सात लिवलं.”

मी गप्प. बरोबरच होतं की. सद-तीस. आधी सात, मग तीस. कानाला सात आधी ऐकू येतो, हातानं मात्र तीन आधी लिहायचा. आपल्याला लहानपणी घोकून घोकून बसलंय म्हणून त्यातली गोम कळत नाही. इंग्रजीत थर्टी सेव्हन, दशक आधी. शेजारच्या कन्नडमध्येही एकवीसला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस आणि एक. जर्मन पोरं मात्र आपल्यासारखीच, एकक आधी म्हणणारी. त्यात आपल्याकडं त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं. आणि ‘एकोण’ची तर वेगळीच गंमत. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पन्नास नऊ. सात वर्षांच्या पोरानं करायचं काय?

हेच तर डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्षा. स्वतः गणितज्ञ, मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. जुनी नावं काढून टाका असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. पुस्तकात दोन्ही होतं. ज्याला जोडाक्षरं जड जातात त्याला आधी संख्या कळू दे, एवढंच. आपण पुस्तक न उघडताच हसलो. जुलै २०२३ मध्ये बाई गेल्या. माझ्यापुरती माफी मागायची राहून गेली.

असो. मुद्दा पुढचा आहे.

दुसऱ्या दिवशी पहिला विचार आला तो ट्यूशनचा. आपल्या गावात हे लगेच डोक्यात येतं. पाचगणी शाळांचं गाव. देशभरातली पोरं इथं शिकायला येतात आणि आपल्यातले कित्येक जण त्याच शाळांच्या मेसमध्ये, गाड्यांवर, ऑफिसात कामाला. तिथली पोरं बघून वाटतं, आपलं मागं पडायला नको. मग सहा-सात वर्षांचं पोर शाळेतून आलं की दप्तर बदलून परत बाहेर. बायको म्हणाली, “आधी महिनाभर घरी बघू.” तिचं ऐकलं ते बरं झालं.

आम्ही वेगळा तास काही ठेवला नाही. सीझनला तास कुणाकडं आहे? जे चाललंय त्यातच घुसवलं. सकाळी आजी भाकरी करताना ही मोजते, माणशी दोन तर पाच जणांना किती. डब्या भरताना विचारायचं, “अडतीस झाल्या, खोकी किती भरतील?” ती आठ-आठ मांडते. चार खोकी, वर सहा उरल्या. भागाकार हा शब्द तिला अजून माहीत नाही. पसरणी घाटातून वाईला जाताना मैलाचे दगड वाचायचे आणि अजून किती राहिलं ते सांगायचं.

आणि रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. मी म्हणतो, सदतीस. ती तीन नोटा आणि सात नाणी ठेवते, म्हणते, “तीस आणि सात, सदतीस,” आणि मग लिहिते. म्हणजे पुस्तकातलंच की!

नियम तीनच. ती दमली असेल तर त्या दिवशी सुट्टी. चुकली तर ‘चूक’ म्हणायचं नाही, “कसं काढलंस?” विचारायचं. आणि ओरडायचं नाही. हा तिसरा नियम माझ्यासाठी आहे आणि तो मी दोनदा मोडलाय.

हे फक्त माझ्या घरचं रडगाणं नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशात ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण ३४ टक्के मुलांनाच वजाबाकी करता आली. तिघांत एक. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू झालं, २०२६-२७ पर्यंतची मुदत ठेवून. ती मुदत आता दारात आलीय. आपल्या राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’मध्ये आयांचे गट करून घरच्या घरी काय करून घ्यायचं तेही सांगितलं गेलं. कल्पना चांगलीच आहे. पण आपण पालक सभेला जातो कधी? गेलो तरी विचारतो काय? गणवेश कधी मिळणार, सहल कुठं जाणार. “माझ्या पोराला संख्या कळते का, घरी काय करू?” हे मी तरी आजवर विचारलं नव्हतं.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या पालक सभेला, नगरपरिषदेची शाळा असो, जिल्हा परिषदेची असो नाहीतर इंग्रजी माध्यमाची, हा एक प्रश्न विचारा. बापांनी विचारा, आयांवरच ढकलू नका. आणि घरात पावकी-निमकी तोंडपाठ असलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला पोराजवळ बसवा. त्याची फी नाही.

लेकीचं म्हणाल तर एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अजून गडबड होते. पण परवा तिनं वही आपणहून मागितली. मी म्हणालो, “लिही, त्रेचाळीस.” ती थांबली, पुटपुटली, “चाळीस आणि तीन,” आणि ४३ लिहिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “पप्पा, आता फोन करायच्या आधी तुम्ही पण एकदा बघा.”

बघतो बाई.

तुमच्याकडं कसं करता, जरूर सांगा.