कड्यावरची तहान

सह्याद्रीत धो धो पाऊस पडतो, तरी कड्यावर उगवणाऱ्या झाडाच्या नशिबी दुष्काळच असतो. उभ्या कातळावर पाणी ठरत नाही. सर येते, ओघळ दरीत उतरतात, ऊन पडलं की थोड्याच वेळात खडक कोरडा ठणठणीत. म्हणून तर एवढ्या पावसाच्या मुलखातही निवडुंग, माकडशिंगासारखी पाणी साठवणारी झाडं सुखाने नांदतात. घरी सक्युलंटची मांडणी करायला घेतली तेव्हा मी किल्ला निवडला तो यासाठी. दिवाळी तोंडावर होती, पण मनात होता तो कडा.

बाजारात अशा मांडण्या खूप मिळतात. समुद्रकिनारा, परीचं घर, जपानी बाग. बहुतेक काचेच्या गोल भांड्यात, ज्याला खाली भोक नसतं. पाणी तळाशी साचतं, मुळं कुजतात, आणि वरचे रंगीत खडे मात्र तसेच चकचकीत राहतात. मला वाटतं, तिथे विषय झाडांवर वरून घातलेला असतो. झाडाला जशी जागा हवी, तीच विषयातून उभी राहिली पाहिजे.

मातीचं पसरट, भोकं असलेलं भांडं घेतलं. मुलं किल्ल्याला लाल चिकणमाती वापरतात. हळीव आणि मोहरी उगवायला ती बरी, कारण ती ओल धरून ठेवते. सक्युलंटला नेमकं तेच नको. जाड वाळू, विटांचा चुरा आणि जेमतेम मूठभर शेणखत, एवढंच मिश्रण केलं. मग काळ्या दगडाच्या चपट्या कपच्या एकावर एक रचल्या, प्रत्येक थर थोडा आत घेत. आपले डोंगर असेच घडलेत. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, आणि पुढे झिजताना त्यांतूनच कडे आणि सपाट्या झाल्या. किल्ले बांधणाऱ्यांनी त्या सपाटीची माची केली, कड्याचा तट केला.

दगड रचून झाले आणि झाडांच्या जागा जवळजवळ आपोआप ठरल्या. माथा सगळ्यात कोरडा, तिथे जेड. त्याची जुनी फांदी खोडासारखी जाड होते, म्हणून लहान झाडही वयस्क दिसतं. मोठ्या दगडाच्या मागे दुपारची सावली पडते, तिथे पांढऱ्या पट्ट्यांची हॉवर्थिया. तिला कडक ऊन सोसत नाही. कड्यावरून बरोज टेलच्या शेपट्या खाली सोडल्या. माचीवर एचेवेरिया.

एचेवेरिया लावताना मी बोटं वापरत नाही. तिच्या पानांवर मेणाची पांढुरकी भुकटी असते, उन्हापासून आणि पाण्यापासून जपणारी. बोट लागलं की तेवढी भुकटी पुसली जाते, खालचा हिरवा रंग उघडा पडतो, आणि त्या पानावर ती पुन्हा धरत नाही. म्हणून मुळाजवळ चिमट्याने धरायचं, पानांवर सांडलेली वाळू मऊ ब्रशने झटकायची. पाणी लगेच घालायचं नाही. उपटताना मुळांना जखमा झालेल्या असतात, त्या सुकायला चार-पाच दिवस द्यायचे. या वाट पाहण्याचं मला फार मोल वाटतं. सजावटीच्या बाकी कुठल्या कामात हात इतके आवरावे लागत नाहीत.

ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा आत घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. जेड, हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतल्या. एचेवेरिया, बरोज टेल मेक्सिकोकडच्या. तरी आपल्या कातळाच्या कपच्यांवर त्या उपऱ्या वाटत नाहीत. तहान सारखी असली की शेजार जमतो. ज्या झाडांना सारख्याच प्रमाणात पाणी लागतं तीच एका भांड्यात ठेवावीत, रंग नंतर जुळवावेत.

या किल्ल्यावर एक झाड मात्र मी मुद्दाम लावलेलं नाही. शिंदळ माकुडी. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर वाढणारं हे दुर्मीळ झाड वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860च्या दशकात जुन्नर परिसरातून नोंदवलं आणि त्याच्या शास्त्रीय नावासाठी तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव घेतलं. पावसात त्याला पानं फुटतात, लालसर चांदणीसारखी फुलं येतात. कोरड्या दिवसांत पानं गळतात आणि रसरशीत खोड तेवढं टिकून राहतं. सह्याद्रीच्या किल्ल्यावर खरा मान त्याचाच. पण ते कड्यावरून उचलून आणावं असं झाड नव्हे. त्याची जागा कड्यावरच.

दिवाळी सरली, मुलांचे किल्ले मोडले, हा गच्चीच्या कठड्यावर राहिला. बरोज टेलची गळून पायथ्याशी पडलेली पानं रुजली आहेत आणि तिथे आता एक लहानशी वस्ती दिसते. पावसाळ्याआधी भांडं छपराखाली घ्यावं लागेल, दगडांच्या फटीत पिठ्या ढेकूण शोधावे लागतील. जेड इतका फोफावला आहे की बालेकिल्ला त्याच्याखाली झाकला जातोय. फांद्या छाटाव्यात की किल्ला मोठा करावा, यावर घरात दोन मतं आहेत. मी दगड शोधायला लागले आहे.