जोखडातली नदी

टॉमस कोलचे 'द ऑक्सबो' हे चित्र 1836 सालचे. त्याचे मूळ नाव बरेच लांबलचक आहे: मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टनजवळच्या माउंट होलिओकवरून, वादळ सरल्यानंतर दिसणारे दृश्य, अशा अर्थाचे. पुढे रूढ झालेले छोटे नाव आम्हांला अधिक बोलके वाटते. ऑक्सबो म्हणजे बैलाच्या मानेखालून घेऊन जोखडात अडकवायचे वाकवलेले लाकूड. आपल्याकडच्या जुवाला हे लाकूड नसते. शिवळा असतात आणि मानेखालून जुपणी बांधतात. म्हणून या शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. नदीपासून तुटलेल्या अशा वळणाला आपली भूगोलाची पुस्तके 'नालाकृती सरोवर' म्हणतात. आपण घोड्याच्या टापेकडे पाहिले, तिकडच्या शेतकऱ्याने बैलाच्या मानेकडे. कनेक्टिकट नदीचे हे वळण ज्यांना जोखडासारखे दिसले, त्यांची नदीकडे पाहण्याची नजर त्या नावात उतरली आहे.

चित्र जवळजवळ दोन मीटर रुंद. 1908 पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आम्ही ते पाहिले संगणकाच्या पडद्यावर, इंचाइंचाने मोठे करून, अनेक संध्याकाळी. डावीकडे काळे ढग, तिरपा कोसळणारा पाऊस, मोडून पडलेला वृक्ष, दाट रान. उजवीकडे ऊन, आखलेली शेते, चरणारी मेंढरे, धुराडी, नदीत संथ चाललेल्या नावा. दोहोंच्या मधून डोंगराची कड कर्णासारखी खाली उतरते. रान आणि शेती यांचा हा सामना कोणालाही दिसतो, आणि या चित्रावरचे बहुतेक लेखन तेथेच थांबते. वादळ पुढे सरते आहे की मागे हटते आहे, एवढाच काय तो वाद. नाव 'वादळानंतर' म्हणते, तेव्हा तोही फार ताणण्यात अर्थ नाही.

आम्हां दोघांचे खरे मतभेद झाले ते डाव्या बाजूवरून. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. निसर्गवर्णन समोर आले की वर्णन करणारा कोठे उभा आहे, हे आधी विचारायची सवय जडली आहे. कोल उभा होता तो डोंगर जेमतेम 285 मीटर उंचीचा. त्याच्या माथ्यावर 1821 पासूनच प्रवाशांसाठी निवारा बांधलेला होता आणि तेथून दिसणारा देखावा पाहायला लोक आवर्जून येत. चित्रात निवारा नाही, पायवाट नाही, माणसांची वर्दळ नाही. मानवी पाऊल न पडलेले वाटावे असे ते रान प्रत्यक्षात सहलीचे ठिकाण होते. आमच्यापैकी एकाच्या मते ही सरळ लबाडी आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, कोलने जागेचे चित्र काढलेच नाही, जे हातचे जाणार त्याचे काढले. आणि जाणाऱ्या गोष्टीचे चित्र तिकीटघरासकट काढायचे नसते. (तेथे तिकीटघर नव्हते, हे कबूल. वाद रंगला की असे होते.)

दुसऱ्या मताच्या बाजूने कोलचे चरित्र उभे राहते. त्याचा जन्म 1801 मध्ये इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, बोल्टन येथे झाला. कापडगिरण्यांचा हा मुलूख. छापील कापडाच्या नक्षीचे काम शिकलेला हा मुलगा 1818 मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. गिरण्या एखाद्या प्रदेशाचे काय करतात ते त्याने वाढत्या वयात पाहिले होते. 1836 मध्येच त्याने अमेरिकेच्या निसर्गावर एक निबंध लिहिला. त्यात कुऱ्हाडीने चाललेल्या संहाराबद्दल खरी व्यथा आहे. आणि त्याच निबंधात, आज जेथे लांडगा फिरतो तेथे उद्या नांगर चालेल, याचा उत्साहही आहे. ही विसंगती त्याने मिटवलेली नाही. साम्राज्याचा उदय आणि विनाश दाखवणारी पाच चित्रांची मालिकाही तो याच सुमारास पुरी करीत होता. हे सारे लक्षात घेतले की उजवीकडचे ते ऊन तितकेसे निर्धास्त वाटत नाही.

पण पहिल्या मताच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती अधिक जड आहे. हे खोरे नोनोटक लोकांचे होते. इंग्रजांनी तेथे वसाहत केली 1654 मध्ये. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्याचा कायदा 1830 मध्ये झाला, म्हणजे चित्राच्या सहाच वर्षे आधी. कोलला या लोकांचा विसर पडला होता असे म्हणता येत नाही. 1826 मध्ये काटरस्किल धबधबा रंगवताना त्याने प्रवाशांच्या सोयीच्या खुणा पुसल्या आणि कड्यावर एकच आदिवासी उभा केला. तेव्हा शोभेपुरता का होईना, तो होता. 'ऑक्सबो'त तोही नाही. रान आणि शेत, एवढीच दोन पदे उरली की जमीन आधी कोणाची होती हे विचारायला तिसरी जागाच राहत नाही. या मुद्द्याशी आलो की आमच्या घरातला वाद थांबतो.

चित्रात माणूस मात्र एक आहे. खाली, खडकांच्या आड, टोपी घातलेला, समोर चित्रफलक: स्वतः कोल. तो मान वळवून आपल्याकडे पाहतो. त्याची मिटलेली छत्री डाव्या बाजूच्या खडकावरून उजवीकडच्या नदीवर टोक काढून आहे. समोरच्या दूरच्या टेकडीवर झाडे तोडल्याचे उघडे पट्टे दिसतात. काही अभ्यासकांना त्यांत हिब्रू अक्षरे दिसतात: सरळ पाहिली तर 'नोआ', वरून, म्हणजे देवाच्या बाजूने, पाहिली तर 'सर्वशक्तिमान'. आम्हांला हे वाचन पटत नाही. पटले, तरी ती अक्षरे कुऱ्हाडीनेच लिहिलेली आहेत. कोल स्वतः त्या टेकडीकडे पाठ करून आपल्याकडे का पाहतो, हा प्रश्न आम्हांला अधिक छळतो. संकोच म्हणावा तर चेहरा इतका बारीक आहे की काही ठरवता येत नाही. पडदा कितीही मोठा केला तरी शेवटी रंगाचे दोनतीन ठिपके हाती लागतात.

कोल 1848 मध्ये वारला. त्याआधीच, 1840 च्या पुरात, कनेक्टिकट नदीने त्या वळणाची अरुंद मान फोडून सरळ वाट काढली होती. वळण मागे राहिले, साचलेल्या पाण्याचे. आता त्याच्याजवळून क्रमांक 91 चा महामार्ग जातो.