आजीची एकादशी

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरी अक्षरशः खरी ठरते. आषाढीला स्वयंपाकघर आजीच्या ताब्यात. पहाटे आंघोळ करून ती दाणे भाजायला बसते आणि त्या खमंग वासानेच मला जाग येते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू! उपास करणारी एकटी आजी. खाणारे मात्र आम्ही सगळे.

गेल्या आषाढीला माझी एक मैत्रीण घरी आली. ती वसईची, ख्रिस्ती. नेहमीच्या मोकळेपणाने ती सरळ आत जाऊ लागली, तेव्हा आजी म्हणाली, “बाळ, तू बाहेरच बस हं. आज एकादशी आहे.” शब्द गोडच होते, पण तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ‘काम आहे’ म्हणून ती निघून गेली. खिचडीची बशी तशीच राहिली.

मी संतापले. त्या सुमारास ग्रंथालयात पिकांच्या इतिहासाविषयी पुष्कळ वाचले होते. ते सारे मी आजीवर ओतले. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आता तो तमिळनाडूत सेलमकडे पिकतो एवढेच. भुईमूगही तिकडचाच. बटाटा पेरू देशाकडच्या अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोची, रताळेही अमेरिकेचे. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला नसता आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरल्यावर पोर्तुगीजांची गलबते इकडे येऊ लागली नसती, तर आपल्याला वरी आणि शिंगाड्यावरच एकादशी भागवावी लागली असती. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला.

“हळद, तूर ही आपली घरची माणसं आज तू उंबऱ्याबाहेर ठेवलीस,” मी म्हणाले, “आणि ख्रिस्ती लोकांच्या जहाजातून आलेली मंडळी देवापुढं मांडलीस. मग माझ्या मैत्रिणीनंच काय पाप केलं होतं?”

आजी काही बोलली नाही. तिने आपले ताट झाकून ठेवले आणि दिवसभर नुसते पाणी घेतले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! वाद मी जिंकला होता. पण संध्याकाळी दिवा लावताना तिचे थरथरणारे हात पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. एकीचा अपमान झाला म्हणून मी दुसरीचा केला. चार पुस्तके वाचली की माणूस त्यांची काठी का करतो, कोण जाणे!

रात्री मी तिचे पाय चेपायला बसले. तीच म्हणाली, “ज्यांचं हे सगळं मुळात होतं, त्या लोकांचा देव कोणता गं?”

मग मी तिला राजगिऱ्याची गोष्ट सांगितली. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ गोड पाकात मळून देवाची मूर्ती करीत आणि पूजेनंतर तिचे तुकडे वाटून खात. १५२१ साली स्पॅनिशांनी त्यांचे राज्य जिंकले आणि ती पूजा मोडून काढली. धान्य मात्र टिकले. आजही तिकडे त्याच्या लाह्यांच्या पाकातल्या वड्या करतात. त्यांना ‘आलेग्रीया’ म्हणतात, म्हणजे आनंद.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तिकडंही ते देवाचंच होतं तर.” उठून तिने डबा उघडला, राजगिऱ्याचा लाडू फोडला, अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

आजी बदलली, असे मी म्हणणार नाही. तिचे सोवळे तसेच आहे. पण कार्तिकीच्या आधी तिने आपण होऊन विचारले, “ती वसईची पोर हल्ली येत नाही का गं?” मैत्रीण आली. आजीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिच्यासाठी पाट मांडला आणि भाजलेले दाणे सोलायला सूप पुढे ठेवले. पाट पुरता आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण या वेळी मी गप्प बसले, आणि त्या दोघींच्या मध्ये बसून दाणे सोलू लागले.