बोल्ट तुटतोय, तुटू द्या

गळीत हंगाम भरात आला की बीड जिल्ह्यातल्या ट्रॅक्टर गॅरेजांत एकच मागणी कानावर येते: "मिस्त्री, ह्ये पुन्हा तुटलं, यंदा जाड करून द्या." तेलगाव, गढी, परळीच्या बाजूला ऊस वाहणारे ट्रॅक्टर असोत, नाहीतर ऊसतोडीची टोळी घेऊन सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेले असोत, दुखणं तेच. कधी क्लच प्लेट जळते, कधी मागचा एक्सल मोडतो, कधी क्राउन-पिनियनचे दात उडतात. ऊस संपला की तोच ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून रानात उतरतो आणि मग पीटीओच्या, म्हणजे अवजाराला इंजिनची ताकद पुरवणाऱ्या शाफ्टच्या, जॉइंटचा बोल्ट तुटायला लागतो. जे तुटलं ते आणखी जाड, आणखी कडक करून घ्यायचं, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय. मी ट्रॅक्टरच्या कामात वावरणारा माणूस आहे आणि मला हा उपाय बऱ्याचदा चुकीचा वाटतो. कमजोर भाग जरूर मजबूत करावा. पण तो कमजोर का आहे आणि तो मजबूत झाल्यावर पुढचा फटका कुणाला बसणार, याचा हिशेब मांडल्याशिवाय लेथवाल्याकडे जाऊ नये.

हिशेब अवघड नाही. इंजिनची ताकद फ्लायव्हीलपासून क्लच प्लेट, गिअर बॉक्स, पिनियन, क्राउन, डिफरन्शियल, मग बुल गिअर किंवा प्लॅनेटरी, एक्सल आणि शेवटी टायर अशा एकाच वाटेने जाते. वाटेत फेरे कमी होत जातात आणि पीळ वाढत जातो. ५० एचपीचं इंजिन २,००० फेऱ्यांवर साधारण १८० न्यूटन-मीटर पीळ देतं. लो फर्स्टमध्ये इंजिनाचे दोनशेच्या आसपास फेरे होतात तेव्हा मागच्या चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे कागदावर दोन्ही एक्सलवर मिळून ३०,००० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त पीळ यायला हवा. प्रत्यक्षात तेवढा कधीच येत नाही, कारण त्याआधी टायर घसरतं. मागच्या टायरांवर १,४०० किलो भार असेल आणि कोरड्या रस्त्यावर पकड भाराच्या सात दशांश धरली, तर साडेसहा हजाराच्या आतच चाक जागेवर फिरतं. थोडक्यात, ट्रॅक्टर बनवणाऱ्याने एक्सलची ताकद इंजिनाकडे बघून ठरवलेली नसते, टायरच्या पकडीकडे बघून ठरवलेली असते. टायरचं घसरणं हाच या सगळ्या साखळीचा पहिला फ्यूज आहे, आणि तो फुकटात मिळालेला आहे.

आपण पहिला घाव घालतो तो या फ्यूजवरच. टायरात दीड-दोनशे लिटर पाणी भरतो, चाकाला बिडाची वजनं लावतो, आणि सिंगल एक्सलची ट्रॉली पुढच्या बाजूला जास्त भरून तिचा भार हुकावर टाकतो. चढाला ट्रॅक्टर घसरत नाही म्हणून समाधान वाटतं. पण मागच्या टायरांवरचा भार दुप्पट झाला की एक्सलपर्यंत पोचू शकणारा पीळही दुप्पट होतो. दोन ट्रॉल्या मिळून वीस टन धरा आणि दहाला एक असा चढ धरा. नुसत्या चढासाठी ओढ लागते दोन टनांची, जवळपास ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाएवढी. तेवढी ओढ रस्त्यावर उतरवायची तर मागच्या टायरांवर निदान तीन टन भार हवा. तो दिला की पुढची चाकं उचलायला लागतात, मग बंपरवर दगड नाहीतर माणसं बसवायची. इथवर आल्यावर एक्सल मोडला, तर त्यात एक्सलची कमजोरी किती आणि आपली कर्तबगारी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बरं, एक्सल जाड करणं हा उपाय भलताच परिणामकारक आहे, हीच खरी अडचण. गोल शाफ्टची पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. जाडी दहा टक्के वाढवली की ताकद तेहतीस टक्के वाढते, वीस टक्के वाढवली की सत्तर टक्क्यांच्या वर जाते. लेथवर दोन-तीन सुती जास्त ठेवल्या असं मिस्त्री सहज म्हणतो, पण त्या सुतींनी एक्सल साखळीतला सगळ्यात दांडगा भाग होऊन बसतो. फटका मात्र तेवढाच राहतो. तो आता क्राउन-पिनियनवर जातो, नाहीतर डिफरन्शियलच्या क्रॉसवर. एक्सल बाहेरून काढता येतो. क्राउनसाठी मागचं सगळं हाउसिंग उघडावं लागतं. शिवाय क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. एकाचे दात गेले तर दोन्ही बदलायची, शिम टाकून दातांमधली मोकळीक बसवायची, दातांना निळा रंग लावून फिरवून बघायचं की ठसा दाताच्या मधोमध उमटतोय की कडेला. हे नीट करणारे हात जिल्ह्यात आहेत, पण थोडे आहेत, आणि हंगामात त्यांच्याकडे रांग असते.

रोटाव्हेटरचा बोल्ट हे याच गोष्टीचं सगळ्यात उघडं उदाहरण. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, त्याच्यापुढे जॉइंट, मग रोटाव्हेटरचा गिअर बॉक्स आणि पाती. गेवराई-माजलगावच्या गंगथडीत काळ्या रानात पाती सहज फिरतात. आष्टी-पाटोद्याकडे बालाघाटाच्या मुरमाड जमिनीत मात्र कधी पात्याखाली धोंडा येईल सांगता येत नाही. धोंडा आला की पाती थांबतात, इंजिन थांबत नाही. त्या क्षणी मधला शेअर बोल्ट कापला जावा आणि बाकी सगळं शाबूत राहावं, यासाठीच तो बोल्ट तिथे असतो. बरेचदा तो ८ मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला. दोन-चारदा तुटला की वैतागून त्याच जागी भोक मोठं करून १० मिलिमीटरचा, १२.९ लिहिलेला हाय टेन्साइल बोल्ट ठोकला जातो. जाडीमुळे कापला जाणारा भाग दीडपटीहून जास्त झाला, पोलादाची ताकद दीडपट झाली, म्हणजे बोल्ट आता सव्वादोन पटीहून जास्त जोर सोसतो. पुढच्या धोंड्याला जॉइंटचा क्रॉस जातो, गिअर बॉक्सचे दात जातात, नाहीतर ट्रॅक्टरच्या आतला पीटीओ शाफ्ट पिळला जातो. गावातल्या डीपीवर फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळायची आणि मग ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून आठवडाभर अंधारात बसायचं, त्यातलाच हा प्रकार.

हे फक्त आपल्याकडच्या ओबडधोबड कामाचं लक्षण आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकांचे हौशी लोक जगभर याच चक्रात सापडलेले दिसतात. २००८ साली ट्रॅक्सास कंपनीने आणलेला स्लॅश हा त्यातला फार चाललेला ट्रक. अशा ट्रकात मूळची साधी मोटर काढून जोरदार ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी घातली, टायर मोठे लावले, की प्लॅस्टिकचा ड्राइव्ह शाफ्ट पिळतो. तो स्टीलचा केला की डिफरन्शियलचे दात जातात. तेही भक्कम केले की फटका गिअर बॉक्सवर किंवा मोटरवर येतो. म्हणून जाणते हौशी मोठा गिअर मुद्दाम प्लॅस्टिकचा ठेवतात आणि स्लिपर क्लचचा नट अर्धा फेरा सैल करतात, म्हणजे उडी मारून ट्रक जमिनीवर आपटला की क्लच क्षणभर घसरतो आणि दात वाचतात. एवढ्याशा यंत्रात हे सगळं टेबलावर बघता येतं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात असा एखादा ट्रक ठेवला तर फळ्यावरच्या आकृतीपेक्षा जास्त उपयोग होईल, असं आपलं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप घेतात तो वजनदार आहे. रानात बोल्ट तुटला तर माणूस खाली उतरून नवा घालतो. धारूरच्या घाटात दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना एक्सल मोडला तर काय घालणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आपल्या ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतोच, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत ब्रेक चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलमधून निघणाऱ्या शाफ्टवर असतात. म्हणजे ब्रेकच्या पुढचा भाग, बुल गिअर किंवा एक्सल, तुटला की त्या बाजूचं चाक ब्रेकपासूनच सुटतं. असा भाग फ्यूज म्हणून कधीही वापरू नये. हूक, हुकाची पिन, ट्रॉलीची दांडी, चाकाचे बोल्ट, एक्सल हे सगळं ज्यामागे जीव आहे ते मजबूतच हवं, आणि तुटण्याआधी बदललेलं हवं. माझा मुद्दा यामुळे कमी होत नाही, उलट टोकदार होतो. ओढकामात घसरायचं काम टायर आणि क्लचने करावं, कारण ते घसरले तरी ब्रेक शाबूत राहतात. टायर घसरू नये म्हणून वजन वाढवायचं, क्लच घसरू नये म्हणून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा कडक करून घ्यायच्या, आणि मग एक्सलला दोष द्यायचा, यात आपण जिथे तुटायला हवं तिथून तुटणं हलवून जिथे तुटायला नको तिथे नेऊन ठेवतो.

दुसरा आक्षेप: कंपन्या पैसे वाचवायला मुद्दाम हलके पार्ट घालतात, त्याला फ्यूज म्हणून गौरवायचं कशाला? हलके पार्ट असतात, आणि डुप्लिकेट स्पेअरचा सुळसुळाट आहे तो वेगळाच. पण हे ठरवायला तुटलेला तुकडा पुरतो. तो आपण भंगारात टाकतो, ही खरी नासाडी. एका फटक्यात मोडलेल्या शाफ्टचा छेद सगळीकडे सारखा खरखरीत दिसतो आणि शेजारच्या खाचा पिळल्यासारख्या तिरक्या झालेल्या असतात. तिथे अतिभार हेच कारण. हळूहळू गेलेल्या शाफ्टचा छेद वेगळा असतो: कडेला एका बिंदूपासून सुरू झालेल्या, एकाबाहेर एक वाढत गेलेल्या गुळगुळीत रेषा आणि उरलेला थोडाच भाग खरखरीत. हा थकवा. महिनोन्महिने चीर वाढत होती. चीर बहुतेक वेळा जिथे जाडी एकदम बदलते त्या काटकोनी कोपऱ्यातून किंवा खाचेच्या मुळातून सुरू होते. अशा वेळी सगळा शाफ्ट जाड करायची गरज नसते, कोपऱ्यात गोलाई दिली आणि पॉलिश केलं तरी आयुष्य वाढतं. आपल्याकडचा लेथवाला जाडी बरोबर काढतो, पण घाईत कोपरा धारदार सोडतो, आणि नवा जाड शाफ्ट जुन्याच जागी जातो. कडक करण्याचंही तसंच. गिअरचा दात वरून कडक आणि आतून चिवट असावा लागतो, म्हणून कारखान्यात फक्त पृष्ठभागाला कार्बन देऊन कडक करतात. भट्टीत लाल करून तेलात बुडवला की तुकडा आरपार कडक होतो, झिजत नाही, आणि पहिल्या झटक्याला काचेगत उडतो. मोडलेल्या एक्सलला वेल्डिंग मारून पुन्हा चढवणं याबद्दल तर बोलायलाच नको.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि खरं सांगायचं तर बाकीचे दोन्ही याच्या पोटातून निघतात. ट्रॅक्टर थांबला की खेप बुडते. मुकादमाने उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता असतो, फडात टोळी थांबून राहते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिचीही मजुरी टनावर. वाहतुकीचा दरही टन आणि अंतरावर ठरतो. अशा हिशेबात "बोल्ट तुटला तर तुटू दे" हे गॅरेजात बसून सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. पण थांबण्याचा खर्च मोजायचा तर दोन्ही बाजूंनी मोजावा. क्लच प्लेट गेली तर एखादा दिवस जातो. क्राउन-पिनियन गेलं तर हाउसिंग उघडण्यापासून जोडी मिळेपर्यंत किती दिवस जातील हे कुणीच छातीवर हात ठेवून सांगत नाही, आणि टोळी तेवढे दिवस उपाशी बसत नाही, दुसऱ्या गाडीला लागते. टनामागे मिळणाऱ्या दरामुळे शेवटच्या दोन टनांचा मोह सुटत नाही, आणि ते दोन टनच चढावर सगळ्या साखळीला तिच्या मर्यादेपलीकडे नेतात. म्हणून "एक्सल जाड करून द्या" म्हणणारा गिऱ्हाईक दारात उभा राहिला की मिस्त्रीने आधी तुटलेला तुकडा मागावा, मग टायरात पाणी आहे का आणि प्रेशर प्लेट कुणी बदलली ते विचारावं, आणि ट्रॉलीच्या फाळक्याच्या वर किती हात ऊस रचता तेही.